फुवांच्या फोटोभोवतीची मोकळी जागा

नंदुरबारकडचा पोऱ्या लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही मनात काय काय मांडून ठेवलं असेल, ते मला माहीत आहे. लाल मिरच्यांचे ढीग. सातपुडा, धुक्यासकट. नर्मदेवरची मणिबेलीची होडी. मग एखादी गळकी शाळा आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी. तर भाऊ, रुमाल खिशात ठेवा. मिरची येईल, पण एकदाच, आणि तीही पिठल्याबरोबर. डोंगर येणार नाही. होडी तर मी स्वतः अजून पाहिली नाही. या लिखाणात फक्त एक फ्लेक्स आहे, आठ बाय सहाचा, आणि त्यावर आमचे फुवा आहेत. फुवा म्हणजे आत्याचे यजमान. आत्याला आमच्याकडं फुई म्हणतात. एवढे दोन शब्दार्थ पाठ करा, पुढं विचारणार आहे.

मी तळोद्याला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. करतो म्हणजे काय, गिऱ्हाईक बोलतं आणि माझा हात चालतो. बड्डेचा फ्लेक्स असला की मागे सिंह, सिंहाच्या मागे आग, मधे बड्डेवाला गॉगल लावून, वर सोनेरी अक्षरं, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी, घडातल्या केळ्यांसारखी एकमेकांना चिकटून. एक मुंडकं राहिलं तर दोन घरांचं बोलणं बंद. आणि चुकून कुठं तळहाताएवढी जागा मोकळी राहिली, की गिऱ्हाईक स्क्रीनवर बोट टेकवतं, "हाई जागा कसाले सोडी? मन्हा साडूना फोटू टाक आठे."

श्रद्धांजलीचे फ्लेक्स मात्र शेठ स्वतः करतात. मला त्या फाइलींना हात लावू देत नाहीत. एकदा घाईघाईत मी एका दिवंगत आजोबांच्या मागचा सिंह काढायला विसरलो होतो. घरच्यांना तो आवडला होता, ही गोष्ट वेगळी. पण शेठनी नियम केला तो केला. जिवंत माणसं माझ्याकडे, गेलेली शेठकडे. हा नियम लक्षात ठेवा, कारण मला तो नडला.

दुसरं एक सांगायचं राहिलं. मी आवाज काढतो. एसटीच्या कंडक्टरचा, आमच्या हेडमास्तरांचा, शेठचा, शेठच्या सासूचा. पण माझा हातखंडा आवाज म्हणजे फुवांचा. फुवा बोलायच्या आधी घसा साफ करतात, मग "हं... तर" म्हणतात, मग इतका वेळ थांबतात की समोरच्याला वाटावं, लाइट गेली. एकदा त्यांच्या आवाजात मी त्यांच्या मोठ्या बहिणीला फोन केला. त्या खांडबाऱ्याला राहतात, सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी म्हणालो, "हं... तर अक्का, मी घोडा लिन्हा." दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का रेल्वेनं नंदुरबार, तिथून एसटीनं, घोडा बघायला हजर. सोबत घोड्यासाठी गूळ. तो गूळ शेवटी मला खायला लावला, सगळा, एका बैठकीत. तेव्हापासून अक्का आमच्या घरचा फोन आला की आधी विचारतात, "खरोखर कोन बोली ऱ्हायनं?"

तर एक दिवस माझी वहिनी दुकानात आली. वहिनी फुवांच्याच गावाला, तापीकडं, उपकेंद्रात सिस्टर आहे. रोज स्कूटीवर जाते-येते. तिनं काउंटरवर एक गुंडाळी ठेवली.

"भाऊजी, हे वरून आलेलं पोस्टर. बीपी तपासणीचं."

मी उघडलं. हिरव्यावर निळं, निळ्यावर लाल. वर पंधरा ओळी कुणाकुणाच्या आदेशाच्या. एका कोपऱ्यात हात-पाय फुटलेलं हसरं हृदय, दुसऱ्या कोपऱ्यात तेच हृदय, रडणारं. आणि शिबिराचा वार, वेळ, जागा कुठं? तळाशी, मुंगीच्या पावलांनी लिहिलेलं.

"हे कुणी वाचलं का गावात?" मी विचारलं.

"एका बकरीनं. तिनंही अर्धंच खाल्लं."

मी हसलो. वहिनी हसली नाही, तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे. मागच्या शिबिराला तालुक्याहून डॉक्टर आले, गाडी आली, मशीन आलं. माणसं आली तीन. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता. डॉक्टर जाताना म्हणाले, "सिस्टर, पुढच्या वेळीही असंच झालं तर गाडी दुसऱ्या गावाला पाठवू. तिथं लोक वाट बघतात."

"गाडी गेली की गेली," वहिनी म्हणाली. "आणि इथं एकेकाला बघा. त्या दूधवाल्या आबांना लकवा मारला. त्यांना बीपी आहे हे कधी कळलं? लकवा मारल्यावर. कुणाला दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी येत नाही. शनिवारी शिबिर आहे. मला ओटा भरलेला पाहिजे. काहीतरी करा ना, तुम्ही एवढे सिंह नाचवता."

आता वहिनीनं दिराला "काहीतरी करा ना" म्हटलं, की दिराची छाती आधीच दोन इंच बाहेर येते. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही फक्त मॅटर द्या. बाकी मी बघतो."

मी खरंच बघितलं. मोबाइलवर एक दाढीवाला भाऊ डिझाइन शिकवतो. आवाज असा, की समोर बाळ झोपलंय आणि ते उठायला नको. त्याचं म्हणणं, पोस्टर म्हणजे कापसाचं पोतं नाही, दाबून दाबून भरायला. एक फोटो घ्या. एक वाक्य घ्या. दोन रंग घ्या. बाकी सगळं मोकळं सोडा, डोळ्याला श्वास घेऊ द्या. मी त्याच्याच आवाजात तीनदा म्हणून पाहिलं, "डोळ्याला श्वास घेऊ द्या." शेठ समोरून म्हणाले, "नाकाला घेऊ दे आधी, ते पंख्याचं बटण चालू कर."

त्याच दिवशी शेठ लग्नासाठी सुरतेकडे निघाले. जाताना म्हणाले, "दोन दिवस दुकान तुझ्या भरवशावर. काही उलटं करू नको." मी म्हणालो, "शेठ, काळजीच करू नका." हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो.

फोटो कुठून आणायचा? नेटवर बीपीवाले आजोबा ढीगभर मिळतात, पण सगळे परदेशी, गोरेपान, सफरचंद हातात घेऊन हसणारे. आपल्याकडं बीपीवाला माणूस हसत नाही आणि सफरचंद तर आजारी पडल्यावरच बघतो. वहिनी म्हणाली, "गावातलंच तोंड पाहिजे. ज्याला सगळे ओळखतात." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि एकदम म्हणालो, "फुवा!"

फुवांना पंचक्रोशी ओळखते. केळीचे भाव, पोरांची लग्नं, मोटारीची वायरिंग, सगळ्यात त्यांचा सल्ला असतो, मागितला नसला तरी. आणि त्यांची एक जुनी दुखरी नस मला माहीत होती. फाट्यावर सगळ्यांचे फ्लेक्स लागले, कालच्या पोरांचे लागले, एकाच्या तर बैलाचाही लागला. फुवांचा कधी लागला नाही.

मी मोबाइल घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. फुवा पोपटी शर्ट घालून तयारच बसले होते. पोपटी म्हणजे कसा, पोपटानं पाहिला तर पोपट लाजेल.

"हं... तर," फुवा म्हणाले. मी थांबलो. बाजूच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "फोटू मोठा जोयजे. खाले त्या बारीक मुंडकास्मा मी बसाव नही."

"फुवा, तुम्ही एकटेच. दुसरं कुणीच नाही."

"एकलाच?" त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. "आनी सिंह?"

"सिंह नाही. तुम्हीच."

फुई आतून म्हणाली, "बीपीना फ्लेक्स शे म्हने. मंग सोताना बीपी तरी मोजी ल्या पहिले."

"माले काय व्हयेल शे?" फुवा म्हणाले. "मी आजूनबी पोतं उचलस. बीपी त्यास्ले व्हस, ज्यास्ले काम नही."

"हाऊ असाच शे," फुई मला म्हणाली. "तुन्ही वहिनीनी चार डाव सांगं. आयकस कोठे?"

मी फोटो काढला. फुवांना हसा म्हटलं, तर त्यांनी चेहरा असा केला, जसा कोर्टात साक्ष द्यायला उभे आहेत. तोच घेतला.

दुकानात येऊन कामाला बसलो. पोपटी शर्टामुळे स्क्रीनकडे बघवत नव्हतं, म्हणून फोटोचे सगळे रंग काढून टाकले. काळा-पांढरा. वा! फुवा एकदम भारदस्त दिसायला लागले. फोटो मोठा केला, मधोमध घेतला, कडा हळूहळू पांढऱ्यात विरघळवल्या. वर एकच वाक्य, काळ्या अक्षरात: बीपी वाढलं तरी कळत नाही. मग भरपूर मोकळी जागा. आणि तळाशी सरळ ओळीत: शनिवार, सकाळी नऊ, मराठी शाळेचा ओटा. बाजूनं एक बारीक काळी रेघ. बस. डोळा श्वास घ्यायला लागला. खरं सांगतो, माझ्या हातून इतकं सुंदर काही आजवर झालं नव्हतं. मी खुर्चीसकट मागं सरकलो आणि दाढीवाल्या भाऊच्या आवाजात स्वतःला शाबासकी दिली.

वहिनीला मोबाइलवर पाठवलं. तिचं उत्तर आलं, "किती शांत वाटतंय बघून." इथं आम्हा दोघांपैकी एकाला तरी शंका यायला हवी होती.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः फाट्यावर जाऊन फ्लेक्स बांधला. सिंहांच्या, आगींच्या, गॉगलांच्या गर्दीत आमचे फुवा असे उठून दिसत होते, की जीपवाले वेग कमी करून बघत होते. मला वाटलं, डिझाइन म्हणतात ते हेच. एकानं तर जाता जाता हात जोडले. मी पण जोडले. मला वाटलं, मला जोडले.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून झाडत होतो, तर एक ओळखीचा जीपवाला दारात येऊन थांबला. टोपी काढून हातात घेतली.

"तू दुकानात?" तो हळू आवाजात म्हणाला. "अरे, तुझे फुवा गेले ना?"

माझ्या हातातला झाडू पडला. "गेले? कधी?"

"ते आम्हाला काय माहीत? बीपीनं गेले म्हणतात."

मी खाली बसलो. परवा तर फोटो काढला. माणूस म्हणत होता पोतं उचलतो. मला तर खरंच रडू यायला लागलं, आणि जीपवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फ्लेक्स मात्र फार छान बनवला रे. एकदम साधा. बघितलं की डोळ्यात पाणीच येतं."

मी नाक पुसलं. "कोणता फ्लेक्स?"

त्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला. फाटा. फुवा. काळे-पांढरे, एकटे, पांढऱ्यात विरघळत चाललेले. खाली वार आणि वेळ. आणि कुणीतरी भल्या माणसानं वरून झेंडूचा हार घातलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात बल्ब लागला, आणि फुटलाही. आमच्याकडं रंग काढलेला एकटा माणूस फ्लेक्सवर कधी असतो? आमच्याकडं कुणासाठी एवढी मोकळी जागा सोडतात? जिवंत माणसाला तर त्याचा साडूसुद्धा मोकळा सोडत नाही. वरचं वाक्य लोकांनी वाचलं आणि ते फुवांना कशानं नेलं याची माहिती समजले. खालचा वार वाचला, तो पुढच्या विधीचा.

मी दुकानाचं शटर अर्धंच ओढलं आणि मोटारसायकल हाणली.

फुवांच्या अंगणात सतरंजी टाकलेली. तिच्यावर पुरुष मंडळी मान खाली घालून, गुडघ्यावर हात ठेवून, गप्प. आत बायका. आणि ओट्यावरच्या खाटेवर खुद्द फुवा, पोपटी शर्टात, पिठलं-भाकरी आणि ठेच्याची हिरवी मिरची खात बसलेले. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी टोपली आणून दिली होती. ती फुवाच खात होते.

"ये," फुवा म्हणाले. "खाई ले. मन्हं शे."

"फुवा, हे लोक अजून बसलेत का? तुम्ही तर दिसताय त्यांना!"

फुवांऐवजी सतरंजीवरचे एक म्हातारबाबा बोलले. "दारवर उनूत भाऊ. आते बसल्याबिगर कसं उठानं?"

ते खरंच होतं. दुखवट्याला दारावर आलेला माणूस थोडा वेळ बसल्याशिवाय उठत नाही. ज्याच्यासाठी बसायचं, तो समोर मिरची खातोय म्हणून रीत थोडीच बदलते?

अजून माणसं रस्त्यात होती. फुई दारात आली, माझ्याकडं एकदा बघितलं, असं बघितलं की मी पिठल्यापेक्षा पातळ झालो, आणि म्हणाली, "अक्काले फोन लाव. त्या निंघी गयात."

मी फोन लावला. "अक्का, मी बोलतोय. फुवांना काही झालेलं नाही. ते फ्लेक्स..."

पलीकडून हुंदके. एसटीचा खडखडाट. "तू बोलूच नको. तुन्हावर मन्हा भरोसा नही. घोडा ध्यानमा शे मन्हा."

फुवांनी हात धुतला, फोन घेतला, घसा साफ केला. "हं... तर." आणि थांबले. सवय! बहीण तिकडं रडतेय आणि हा माणूस थांबलाय! "अक्का, मी बोली ऱ्हायनू. मी जित्ता शे."

अक्कांचा आवाज एवढा मोठा आला की फुवांनी फोन कानापासून लांब धरला, आणि सगळ्या सतरंजीनं ऐकलं.

"मुडद्या! मरेल मानूसना आवाज काढस? आज तरी सोडी दे त्याले!"

"अक्का, मीच शे वं!"

"देखा, कसा त्यान्हासारखाच बोलस! हुबेहूब!" आणि अक्का आणखी जोरात रडायला लागल्या. "थांब, येस मी. तुन्हा तंगड्या मोडस."

फोन बंद. फुवा फोनकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. "मन्हाच आवाजमा माले शिव्या खावाले लाया तू."

सतरंजीवरचे म्हातारबाबा तोंडावर उपरणं धरून हलत होते. रडत होते म्हणावं तर आवाज वेगळाच येत होता. मग एकेक करून सगळी सतरंजी हलायला लागली.

अक्का आल्या त्या गल्लीच्या वळणावरूनच हेल काढत. "मन्हा भाऊ वं... मन्हा वाघ वं... माले न सांगता कथा गया वं..." वाघ खाटेवरून उठला आणि पुढं जाऊन म्हणाला, "आठेच शे." अक्का थांबल्या. हेल अर्धा तोंडातच राहिला. त्यांनी फुवांच्या दंडाला चिमटा काढला. फुवा ओरडले. मग अक्कांनी त्यांना घट्ट धरलं, मग सोडलं, मग पाठीत एक धपाटा घातला. मग गर्दीतून मला शोधून काढलं आणि मलाही धपाटे घातले. ते कुणीच मोजले नाहीत, सगळ्यांना ते योग्यच वाटले.

एवढ्यात वहिनीची स्कूटी आली. तिनं अंगणात पाऊल ठेवलं, सतरंजी बघितली, हार बघितला (कुणीतरी तो फ्लेक्सवरून काढून फुवांना परत आणून दिला होता), कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता तिची पाळी. पण वहिनीची नजर सतरंजीवरून हळूहळू फिरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊजी, हे सगळे तिशीच्या वरचे, तपासणीच्या वयाचे आहेत."

तिनं पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. "फुवा, हात पुढं करा."

"माले काय व्हयेल शे?"

"हात दे," अक्का म्हणाल्या. फुवांनी हात दिला.

पट्टा फुगला. मशीन कुरकुरलं. वहिनीनं आकडा बघितला. पट्टा सोडला. म्हणाली, "पाच मिनिटं गप्प बसा. पुन्हा बघू."

"हाई रडारडीमुळे वर गयं व्हई," फुवा म्हणाले. "मशीन बी मानूसच शे."

सकाळपासून सगळे गप्प बसायचं सोंग करत होते, आता खरोखर गप्प होते. दुसऱ्यांदाही मशीननं तेच सांगितलं. वहिनी फुवांच्या समोर खाली बसली. आवाज अगदी साधा ठेवून म्हणाली, "फुवा, खूप वाढलंय. आजचं नाही हे, बऱ्याच दिवसांचं असणार. तुम्हाला काहीच त्रास नव्हता ना?"

फुवा "नही" म्हणाले. घसा साफ न करता म्हणाले. "हं... तर" सुद्धा नाही.

म्हातारबाबांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढं धरला. त्यांच्या मागं दुसऱ्यानं. मग आतून बायका दारात आल्या.

"आज नाही," वहिनी उठली. "आत्ता मी फुवांना घेऊन डॉक्टरांकडे चालले. तुम्ही सगळे उद्या या. सकाळी नऊ, शाळेचा ओटा."

"माहीत शे," एक जण म्हणाला. "फ्लेक्सवर वाचेल शे."

शनिवारी ओटा भरला, पायऱ्या भरल्या, घंटेखालची जागा भरली. निम्मे लोक तपासायला आले होते, निम्मे मेलेला माणूस बघायला, आणि बघून झाल्यावर तेही रांगेत लागले. फुवा पहिल्या खुर्चीत, पोपटी शर्टात, येईल त्याला सांगत होते, "मी म्हनस ना, कळस नही. माले कोठे कळनं?" म्हणजे फ्लेक्सवरचंच वाक्य, पण आता त्यांचं स्वतःचं. तालुक्याचे डॉक्टर गर्दी बघून म्हणाले, "सिस्टर, एवढे लोक? केलंत काय?"

वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोस्टर लावलं होतं, सर."

आता बोलणी. ती कुठं सुटतात?

शेठ सुरतेहून आले ते वाटेतच फाट्यावर फ्लेक्स बघून. "अरे बापा, आपलं दुकान दोनच गोष्टींवर चालतं, बड्डे आणि श्रद्धांजली. त्यातला फरक तुला कळत नाही? उद्या तू नवरदेवाला हार घालून भिंतीवर टांगशील!" मग जरा थांबून म्हणाले, "पण कडा झकास विरघळवल्यास. ते कसं केलं, मला दाखव." घरी बाबांनी शेठपेक्षा कमी शब्द वापरले आणि जास्त वेळ घेतला. वहिनी म्हणाली की तिनं मला माफ केलंय, पण पुढचं पोस्टर ती बकरीकडून करून घेईल.

रविवारी मी फ्लेक्स उतरवून फुईकडं द्यायला गेलो. मला वाटलं, दोन दिवस झाले, निवळली असेल. फुई ज्वारी पाखडत होती. सूप हातातच.

"फुई, हा फ्लेक्स..."

"ठेव तठे." सूप थांबलं. "तुले गंमत वाटनी ना? बठ्ठं गाव हासनं, तू बी हासना. शुक्रवारे पहाटे तुन्हा फुवा मळामा गयात. मोबाइल घरमाच. आनी मन्हा दारमा बाया रडत उन्यात. मी सांगी ऱ्हायनी, त्या मळामा शेतस. तर एक जन मन्हा हात धरस, एक जन म्हनस, माय, जीव घट कर. त्या मळामाईन येतस तवलोंग मन्हा जीव कोठे व्हता, तुले ठावकं शे का?"

मला माहीत नव्हतं. मी आल्यावर फक्त पिठलं पाहिलं होतं. कुणाचाच आवाज तोंडात येईना.

"बोल ना आते! इतला आवाज काढस, एक तरी काढ!"

"चुकलं, फुई."

"चुकनं म्हनस." सूप परत हललं, ज्वारी उडाली. "डॉक्टरनी गोळी दिन्ही शे. रोज सकाळे खावानी. हाऊ मानूस खास नही. मी सांगं तर म्हनस, तू रोज वरडस, मी आयकस नही. मन्हा घसा बसना. आते तू फोन करशी. रोज सकाळे, चहाना टाइमले. मन्हा आवाजमा. 'गोळी खादी का?' इचारजो. नही म्हने तर वरडजो."

"तुमच्या आवाजात?"

"मंग काय सिंहना आवाजमा? काढ. आत्तेच काढ. माले आयकू दे."

मी उभा राहिलो. कमरेवर हात ठेवला. आणि फुईच्या आवाजात, पूर्ण जोरात, तापीच्या पलीकडं ऐकू जाईल असा ओरडलो, "ओ! गोळी खादी का?"

आतून फुवांचा आवाज आला, "खाई ऱ्हायनू, खाई ऱ्हायनू!" आणि पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज.

फुई सूप घेऊन तशीच उभी. "इतली वरडस का मी?"

आतून फुवा म्हणाले, "कमीच वरडना तो."

"तुम्ही चूप ऱ्हा!" फुई आतल्या दिशेनं कडाडली, आणि मग सूप माझ्यावर उगारलं, "आनी तू दात काढू नको! सकाळे फोन उना नही ना, तर तुन्हा फोटू मी फाट्यावर लावस. एकलाच. काळा-पांढरा. भरपूर जागा सोडीसन!"